वाटेवरचा सल्ला कोणाच्या मालकीचा?

१९६२ सालच्या १ जूनला सतीशकुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण दिल्लीच्या राजघाटावरून पायी निघाले. अण्वस्त्रांच्या विरोधात मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन या चार राजधान्या गाठायच्या, वाटेतला समुद्र तेवढा बोटीने ओलांडायचा, असा त्यांचा संकल्प होता. निघण्यापूर्वी ते विनोबांना भेटले. विनोबांनी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. कोणत्याही परिस्थितीत शाकाहार सोडू नका, ही एक. आणि बरोबर एक पैसाही नेऊ नका, ही दुसरी. खिशात पैसा असला म्हणजे थकलेला माणूस खाणावळ शोधतो, जेवतो, झोपतो आणि सकाळी कोणाशी न बोलता पुढे जातो. पैसा नसला म्हणजे त्याला कोणाचे तरी दार ठोठवावे लागते, आपण कोण, कोठले, कशासाठी निघालो हे सांगावे लागते, आणि दार उघडणाऱ्याचे ऐकावेही लागते. पाकिस्तानच्या सरहद्दीवर एका स्नेह्याने त्यांच्या हाती शिदोरी ठेवली, तेव्हा ती अन्नाची नसून अविश्वासाची शिदोरी आहे असे म्हणून सतीशकुमारांनी ती परत केली. पुढे पाकिस्तानात, अफगाणिस्तानात, इराणात, रशियात त्यांना जेवण मिळत गेले. शेवटी ते अमेरिकेत पोहोचले.

प्रवासाला निघालेल्या माणसाला इतका विलक्षण सल्ला क्वचितच कोणी दिला असेल. तो आज आठवण्याचे कारण असे की, पाठीवर पिशवी टाकून थोडक्या पैशांत देशोदेशी हिंडणाऱ्या तरुणांचा एक मोठा समुदाय आता जगभर पसरला आहे. आपल्याकडची मुलेही सुट्टी लागली की गडकिल्ल्यांवर, हिमालयात, ईशान्येकडे जाऊ लागली आहेत. ही मंडळी एकमेकांना अखंड सल्ले देत असतात. कोणती बस पहाटे सुटते, कोठे कमी पैशांत निजायला मिळते, कोणत्या नाक्यावर कोणता कागद लागतो, कोणते पाणी पिऊ नये. राजकीय साप्ताहिकाने दखल घ्यावी असे यात काय आहे, असे एखादा वाचक विचारील. माझे म्हणणे असे की, समाजवाद्यांनी मालमत्तेविषयी आणि श्रमाविषयी जे तीन प्रश्न नेहमी विचारले, तेच तीन प्रश्न येथेही उभे राहतात. हे ज्ञान कोण निर्माण करतो? त्याचा मालक कोण होतो? आणि त्याची किंमत कोण मोजतो?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. हे ज्ञान प्रवासी स्वतःच निर्माण करतात आणि स्वतःच वाटतात. साठीच्या दशकाच्या अखेरीस युरोपातून हजारो तरुण भूमार्गाने भारताकडे येऊ लागले. इस्तंबूलच्या सुलतानअहमद भागात १९५७ साली निघालेले एक साधे उपाहारगृह त्यांच्या वाटेवर होते. ‘पुडिंग शॉप’ या नावाने ते प्रसिद्ध झाले. तेथल्या भिंतीवर एक फलक होता. पूर्वेकडून परतणारा आपल्या अनुभवाची चिठ्ठी त्यावर टाचून जाई आणि पूर्वेकडे निघालेला ती वाचून पुढची वाट धरी. गाडीत जागा कोणाकडे आहे, सोबत कोणाला हवी आहे, हेही तेथेच कळे. लंडनमध्ये १९६८ साली सुरू झालेल्या ‘बिट’ या विनामूल्य माहिती केंद्राने पुढे परतलेल्या प्रवाशांच्या अशाच हकिकती एकत्र केल्या, चक्रमुद्रित कागदांना टाचण्या मारल्या आणि भारताकडे निघालेल्यांच्या हाती ते बाड दिले. त्या कागदांना कोणी एक लेखक नव्हता. जो वाट चालून आला त्याने आपल्यामागून येणाऱ्यासाठी चार ओळी ठेवायच्या, एवढाच नियम होता. सहकाराचे तत्त्व याहून शुद्ध स्वरूपात क्वचित पाहायला मिळते. कारण ज्याच्याकडून घेतले त्याला परत देता येत नाही. ते पुढच्या अनोळखी माणसालाच द्यावे लागते.

१९७९ साली इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि हा भूमार्ग बंद पडला. पण तोवर त्या ज्ञानाला बाजारभाव आला होता. टोनी आणि मॉरीन व्हीलर हे तरुण जोडपे लंडनहून याच वाटेने ऑस्ट्रेलियात पोहोचले तेव्हा त्यांच्याजवळ २७ सेंट उरले होते. १९७३ साली त्यांनी स्वतः लिहून, स्वतः कागद जुळवून एक ९६ पानांचे पुस्तक काढले. स्वस्तात आशिया कसा ओलांडावा, हाच त्याच्या नावाचा आणि मजकुराचा अर्थ. त्यातून ‘लोनली प्लॅनेट’ ही प्रकाशनसंस्था उभी राहिली. या दांपत्याच्या कष्टांना नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यांच्या पुस्तकांनी लाखो सामान्य माणसांना परदेशाचे भय सोडायला शिकवले. पण त्या पुस्तकांची प्रत्येक नवी आवृत्ती दुरुस्त होत असे ती बऱ्याच अंशी वाचकांच्या पत्रांनी. कोणते वसतिगृह बंद पडले, कोठे भाडे वाढले, कोठे फसवणूक होते, हे हजारो प्रवासी आपण होऊन लिहून कळवीत. त्यांचा मोबदला म्हणजे शेवटच्या पानांवर बारीक टाइपात छापलेले नाव, आणि पत्र उत्तम असले तर एखादे पुस्तक. २००७ आणि २०११ अशा दोन हप्त्यांत बीबीसीच्या व्यापारी शाखेने ही संस्था एकूण सुमारे १३ कोटी पौंडांना विकत घेतली आणि २०१३ साली अवघ्या ५ कोटी १५ लाख पौंडांना एका अमेरिकन कंपनीला विकून टाकली. त्या किमतीत पत्रे लिहिणाऱ्यांच्या श्रमाचा वाटा किती होता, हा प्रश्न ना विकणाऱ्याला पडला, ना घेणाऱ्याला. गिरणीतल्या कामगाराला निदान आपण कामगार आहोत हे ठाऊक असते. येथे राबणाऱ्याला आपण राबत आहोत याचाच पत्ता नव्हता.

मात्र या कथेला दुसरी बाजूही आहे, आणि ती कार्यकर्त्यांनी आवर्जून लक्षात ठेवण्याजोगी आहे. २००३ साली काही प्रवाशांनी ‘विकिट्रॅव्हल’ नावाची एक सामुदायिक मार्गदर्शिका सुरू केली. कोणीही लिहावे, कोणीही सुधारावे, आणि जे लिहिले जाईल ते मूळ लेखकांचा उल्लेख करून कोणालाही उचलून नेता यावे, अशी तिची परवान्यात लिहिलेली अट होती. २००६ साली संस्थापकांनी ती कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीला विकली. तेव्हा जर्मन आणि इटालियन भाषांतले लेखक आपले लिखाण घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी ‘विकिव्हॉयेज’ ही वेगळी मार्गदर्शिका काढली. २०१२ साली इंग्रजीतल्या बहुसंख्य लेखकांनीही तोच मार्ग धरला. कंपनीने दोन स्वयंसेवकांवर दावा लावला, पण २०१३च्या फेब्रुवारीत तडजोड होऊन तो मिटला. त्याआधीच, १५ जानेवारी २०१३ रोजी, ‘विकिव्हॉयेज’ ना नफा तत्त्वावर चालणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानाच्या छत्राखाली रीतसर सुरू झाली होती. मालकाच्या हाती नाव राहिले. काम करणारे आपले काम घेऊन निघून गेले. हे शक्य झाले याचे कारण मालकाचे औदार्य नव्हे. सामाईक मालकीची अट पहिल्याच दिवशी कागदावर लिहून ठेवलेली होती, हे त्याचे कारण. चांगल्या भावनेवर उभी राहिलेली सार्वजनिक वस्तू पहिल्या गिऱ्हाइकाला विकली जाते. नियमावर उभी राहिलेली टिकते. आपल्या कित्येक सहकारी संस्थांची गत पाहिली म्हणजे हे वेगळे सांगायला नको.

आता तिसरा प्रश्न, आणि तोच मला सर्वांत अवघड वाटतो. स्वस्त प्रवासाची किंमत कोण मोजतो? पाठीवर पिशवी घेतलेल्या प्रवाशांच्या सल्ल्यांत ‘स्वस्त’ या शब्दाइतका मान दुसऱ्या कोणत्याही शब्दाला नाही. पण स्वस्ताई आकाशातून पडत नाही. युरोपातल्या विद्यार्थ्याला नेपाळ किंवा गोवा स्वस्त वाटतो, कारण तेथल्या हमालाचा, स्वयंपाकिणीचा, नावाड्याचा दिवस त्याच्या चलनात कवडीमोल ठरतो. सांगितलेल्या दराच्या निम्म्यावर आणा, हा सल्ला म्हणून प्रवाशांच्या दृष्टीने शहाणपणाचा असेल. ज्याला निम्म्यावर आणले जाते त्याच्या दृष्टीने ती मजुरीतली कपात असते. हणजूण आणि कळंगुटच्या किनाऱ्यांवर साठीच्या दशकाअखेर परदेशी तरुण आले तेव्हा मच्छिमारांच्या घरांत नाममात्र भाड्याने राहिले. एकाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने दहांना. पुढे त्याच वाटेने हॉटेले आली, जमिनीचे दलाल आले, आणि किनारा ज्यांचा होता त्यांना तेथे घर बांधणे परवडेना.

थायलंडमधल्या फी फी ले बेटावरच्या माया उपसागराची गोष्ट तर दृष्टांतासारखी आहे. एका तरुणाच्या हाती गुप्त किनाऱ्याचा नकाशा पडतो, अशा कथेची एक इंग्रजी कादंबरी १९९६ साली गाजली. तिच्यावरच्या चित्रपटाचे चित्रण या उपसागरात झाले आणि २०००मध्ये तो जगभर दाखवला गेला. मग खऱ्याच माणसांची रीघ लागली. एका लहानशा पुळणीवर दिवसाला हजारो प्रवासी उतरू लागले, बोटींच्या नांगरांनी प्रवाळ मोडले, आणि २०१८च्या जूनमध्ये सरकारला तो किनारा बंद करावा लागला. २०२२च्या जानेवारीत तो उघडला तो माणसांच्या संख्येवर मर्यादा घालून आणि बोटींना उपसागरात मज्जाव करून. सल्ला देणाऱ्यांपैकी एकाचाही हेतू वाईट नव्हता. पण ज्या वाटणीत यजमानाला जागा नाही, ती वाटणी उदार दिसली तरी लुटीकडेच झुकते.

याचा धडा मला दूर देशात नव्हे, सह्याद्रीत मिळाला. काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात आम्ही चौदाजण एका गडाच्या पायथ्याच्या वाडीत संध्याकाळी उतरलो. कोणी तरी लिहून दिलेली चिठ्ठी आमच्याजवळ होती. देवळामागच्या घरी पिठले-भाकरी मिळते, दर अमुक, आंघोळीला गरम पाणीही देतात, असे तिच्यात होते. घरच्या म्हाताऱ्या बाईंनी भाकऱ्या थापल्या. जेवणे झाल्यावर आमच्यातल्या एकाने सकाळच्या पाण्याची गोष्ट काढली. बाई म्हणाल्या, “चिठ्ठी पावसाळ्यातली असंल, दादा. आता विहिरीला एक हंडा भरायला अर्धा तास बसावं लागतं. तुम्ही चौदाजणं हाय.” त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. आम्ही मागितले असते तर त्यांनी सुनेला रात्री विहिरीवर धाडले असते आणि आम्ही आंघोळी करून, त्यांच्या अगत्याची स्तुती करीत परतलो असतो. चिठ्ठीतली प्रत्येक ओळ खरी होती. ती कोणत्या महिन्यात लिहिली हे तिच्यावर नव्हते, आणि पाणी कोण आणते हेही नव्हते. परत आल्यावर आम्ही नवी चिठ्ठी लिहिली. उन्हाळ्यात सहापेक्षा अधिकांनी जाऊ नये, पाणी खालच्या गावातून भरून न्यावे, आंघोळ मागू नये, आणि दर वाडीत विचारून ठरवावा. तिचा मजकूर आम्ही आधी त्या बाईंना वाचून दाखवला. त्यांनी एकच भर घातली. येण्याच्या आदल्या दिवशी निरोप धाडावा.

इथवर ज्यांचा विचार केला ते सारे हौसेने प्रवास करणारे. पण ज्यांच्यासाठी वाटच बंद होती, त्यांनीही एकमेकांना सल्ले दिले आहेत आणि त्या सल्ल्यांना पैसे वाचवण्यापेक्षा फार मोठा अर्थ होता. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या कृष्णवर्णीय टपालवाल्याने १९३६ साली एक पुस्तिका काढली. मोटारीने जाणाऱ्या कृष्णवर्णीयाला कोणत्या गावात खोली मिळेल, कोठे जेवण मिळेल, कोठे पेट्रोल मिळेल, याची ती यादी होती. टपालखात्यातले सहकारी आणि वाचक यांनी कळवलेल्या माहितीवर ती दर आवृत्तीत वाढत गेली. तीत नसलेल्या गावी संध्याकाळ झाली तर जिवावर बेतण्याचा संभव असे. आपल्या पुस्तिकेची गरज उरणार नाही असा दिवस लवकर यावा, अशी इच्छा ग्रीन यांनी तिच्यातच छापली होती. १९६४च्या नागरी हक्क कायद्याने सार्वजनिक निवासस्थाने व उपाहारगृहे यांतला भेदभाव बेकायदा ठरवला आणि त्यानंतर दोनतीन वर्षांत ती पुस्तिका बंद झाली. १९६० साली निवर्तलेल्या ग्रीन यांना तो दिवस पाहता आला नाही.

अमेरिकेकडे बोट दाखवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली चार मुले मसूर स्टेशनावर उतरली. त्यांतले एक भीमराव आंबेडकर. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरची वागणूक पालटली. गाडीवान मिळेना, मिळाला तो दुप्पट भाड्यावर आणि गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर. रात्री जकात नाक्यावर पाण्याची पंचाईत झाली, तेव्हा त्या गाडीवानाने त्यांना एक सल्ला दिला. आपण मुसलमान आहोत असे सांगा म्हणजे कदाचित पाणी मिळेल. तरीही पाणी मिळाले नाही आणि मुले उपाशी झोपली. बाबासाहेबांनी हा प्रसंग आपल्या आठवणींत स्वतःच लिहून ठेवला आहे. या देशात एका प्रवाशाला दुसऱ्याने दिलेला प्रामाणिक सल्ला हा होता की, तू कोण आहेस ते सांगू नकोस. आजही आडगावी ओसरीवर बसताच आडनाव विचारले जाते. आजही नाव ऐकून खोली शिल्लक नसल्याचे सांगितले जाते. आजही एकटी मुलगी निघाली तर तिला पहिली चौकशी दराची नव्हे, दाराच्या कडीची करावी लागते. आमच्या चिठ्ठ्यांत यातले काही नसते, कारण चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांना हे प्रश्न सहसा पडत नाहीत.

आणि ज्यांना प्रवास निवडण्याची मुभाच नसते, त्यांचे काय? २०२०च्या टाळेबंदीत पाठीवर बोचके घेऊन लाखो मजूर रस्त्याने निघाले. तेही एकमेकांना वाटा सांगत होते. नाकाबंदी कोठे आहे, पाणी कोठे मिळेल, कोणत्या गावात हाकलत नाहीत. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले वीस मजूर भुसावळकडे चालत निघाले होते. तेथून गाडी मिळेल अशी त्यांना आशा होती. रस्त्याने जाण्याऐवजी त्यांनी रेल्वेमार्ग धरला. गाड्या बंद आहेत, अशी त्यांची समजूत होती. ८ मेच्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ थकून काहीजण रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली त्यांतले १६ जण ठार झाले. मालगाड्या चालू होत्या. एवढे एक वाक्य त्यांना वेळेवर सांगणारे कोणी नव्हते. ज्यांचे ते कर्तव्य होते त्यांनी ते पार पाडले नाही. प्रवाशाला दिलेली माहिती ही करमणुकीची बाब आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या सोळा माणसांचे स्मरण ठेवावे.

यास्तव माझी सूचना साधी आहे आणि ती मुख्यतः आपल्या युवक कार्यकर्त्यांना उद्देशून आहे. प्रत्येक तालुक्यात एक वाटवही ठेवावी. एस.टी.च्या वेळा, धर्मशाळा, शाळेच्या पडवीत परवानगी कोण देतो, दवाखाना किती लांब, विहीर कोणत्या महिन्यापर्यंत पुरते, स्त्रियांना सुरक्षित निवारा कोठे, जात कोठे विचारली जाते, ऊसतोडीला आणि वीटभट्टीला जाणाऱ्या कुटुंबाला मुक्कामाला जागा कोठे, हे सारे तीत असावे. प्रत्येक नोंदीवर तारीख असावी. ज्या गावाविषयी नोंद आहे त्या गावाला ती आधी वाचून दाखवावी, आणि नको म्हणाले तर ती खोडावी. वही कोणालाही उतरून घेता यावी, पण विकता कोणालाच येऊ नये, हे पहिल्या पानावर लिहावे. आणि जेथे दार बंद आढळले तेथे केवळ नोंद करून थांबू नये. ते उघडण्यासाठी गावात जाऊन बसावे. ते काम वहीचे नव्हे, चळवळीचे आहे.

हे सारे करणे म्हणजे भाबडेपणा आहे, माहितीची मोठी दुकाने एवढी सज्ज असताना आपल्या वह्यांना कोण विचारतो, असा आक्षेप येईल. त्या दुकानांतून खोलीचा दर कळेल, हे खरे. विहिरीवर कोण बसते, हे कळणार नाही. आणि ज्याला खोली नाकारली गेली त्याचे म्हणणे तर मुळीच कळणार नाही. ती माहिती गावात जाऊन, दार ठोठावून, ऐकूनच मिळते. पैसे बरोबर नेऊ नका, असे विनोबांनी त्या दोन तरुणांना सांगितले ते याचसाठी. आपण सगळेच रिकाम्या खिशाने निघू शकत नाही. तशी अपेक्षाही नाही. पण ज्याच्या घरी उतरलो त्याचे म्हणणे लिहून मागच्या माणसाच्या हाती देणे, एवढे तरी प्रत्येकाला करता येईल. या दिवाळीच्या सुट्टीत जे कार्यकर्ते गडावर, घाटात किंवा परप्रांतात जाणार असतील त्यांनी परतताना पहिली नोंद करावी आणि तिच्यावर तारीख घालायला विसरू नये.